गड आधी कागदावर चढावा

सह्याद्रीतला गड बांधणाऱ्याला दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी साधायच्या होत्या. आपली माणसं, धान्य आणि दारूगोळा वर पोचला पाहिजे. शत्रू मात्र अर्ध्या वाटेवरच दमला, चुकला, तहानेनं हैराण झाला पाहिजे. आज पाठीवर सॅक टाकून निघालेला ट्रेकर गडाच्या दृष्टीनं परकाच असतो. त्याला वाटा ठाऊक नसतात, पाणी कुठे आहे ते माहीत नसतं, आणि कातळ कुठे निसरडा होतो हेही कळत नाही. म्हणून ट्रेकची आखणी करणाऱ्यानं आधी गड बांधणाऱ्याच्या डोक्यात शिरावं. पाणी कुठे, वाट कोणती, वेळ किती आणि अडचण आली तर बाहेर कसं पडायचं, हे चार प्रश्न त्यानं दगडात सोडवून ठेवलेले आहेत. आपल्याला ते वहीत सोडवायचे आहेत.

हे सगळं एका गडाच्या आधारानं पाहू. त्यासाठी राजगडासारखा दुसरा गड नाही.

डोंगर आधी समजून घ्या

पुण्याच्या नैर्ऋत्येला, गुंजवणी आणि कानंद खोऱ्यांच्या बेचक्यात मुरुंबदेवाचा डोंगर उभा आहे. तोरणा हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी १६४०च्या दशकात या डोंगरावर गड उभारायला घेतला आणि त्याला राजगड हे नाव दिलं. रायगडावर राजधानी जाईपर्यंत स्वराज्याचा कारभार इथूनच चालला. सईबाईंचं १६५९ साली इथेच निधन झालं, आग्र्याहून सुटल्यावर १६६६ साली महाराज इथेच परतले आणि १६७० साली राजाराम महाराजांचा जन्मही इथलाच. पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. स्वतःकडे राखलेल्या १२ किल्ल्यांत राजगड होता. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी भूप्रदेशातले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यातही तो आहे.

गडाचा आकार डोळ्यांपुढे आणल्याशिवाय आखणी होत नाही. मधोमध बालेकिल्ल्याचा ताशीव कातळ आणि त्यापासून तीन दिशांना फुटलेल्या तीन माच्या, अशी ही रचना आहे. उत्तरेला पद्मावती, पूर्वेला सुवेळा, नैर्ऋत्येला लांबच लांब संजीवनी. पद्मावती माची त्यातल्या त्यात रुंद आणि सपाट. देवीचं मंदिर, मोठं तळं, सईबाईंची समाधी आणि वाड्यांचे चौथरे तिथेच आहेत. सुवेळा आणि संजीवनी मात्र चिंचोळ्या सोंडा आहेत. शेंड्यापर्यंत जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं, दुसरा मार्ग नाही. बालेकिल्ला समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरहून उंच आहे. म्हणजे राजगडावर जाणं हे एक ठिकाण गाठणं नसतं. वर पोचल्यावर चार वेगवेगळी ठिकाणं हिंडायची असतात. पहिल्यांदा येणाऱ्यांचा वेळेचा अंदाज चुकतो तो इथेच.

हा आकार डोंगराला मिळाला कसा, हेही ट्रेकरला उपयोगी पडतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. काही थर टणक बसाल्टचे, काही भुसभुशीत. टणक थराचा उभा कडा राहतो, भुसभुशीत थर झिजून उतार बनतो. म्हणूनच सह्याद्रीतली चढण एकसारखी नसते. मुरमाड घसाऱ्याचा उतार, मग कातळाचा टप्पा, मग झाडीची पट्टी, पुन्हा कातळ. सर्वे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर हे स्वच्छ दिसतं. त्यावर समान उंचीच्या दोन लगतच्या रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो. रेषा विरळ असतील तिथे चाल सोपी, दाट झाल्या की चढ, आणि एकमेकींना चिकटल्या की कडा. घरी बसून या रेषांवरून बोट फिरवलं, तर कुठे दम लागणार आणि कुठे हात वापरावे लागणार हे आदल्या दिवशीच कळतं.

वाट निवडणं म्हणजे दरवाजा निवडणं

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गांवर एक मोठं प्रकरण आहे. गडाला एकच दरवाजा असणं हा दोष, असं ते बजावतात. दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या असाव्यात, असा त्यांचा आग्रह आहे. राजगड बांधणाऱ्यांनी हे फार आधी अमलात आणलं होतं. पाली दरवाजा, गुंजवणे दरवाजा, अळू दरवाजा आणि चोर दरवाजा अशा गडाच्या अनेक वाटा आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे.

सर्वांत वर्दळीची वाट गुंजवणे गावाची. पुण्याहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मार्गासनीला फुटायचं, साखर गावावरून गुंजवण्यात यायचं. हे अंतर साधारण ६० किलोमीटर आहे. गावातून निघालेली वाट सोंडेवरून चढत चोर दरवाजाखाली येते. शेवटचा टप्पा कातळाचा. खोदीव पावट्या, शेजारी लोखंडी कठडे, आणि पाय ठेवायला एका वेळी एकाच माणसापुरती जागा. वर मान केली तर दरवाजा दिसतच नाही. अगदी जवळ गेल्यावर तटातली एक अरुंद फट दिसते, तीतून वाकून आत शिरलं की माणूस थेट पद्मावती तळ्यापाशी निघतो. शत्रूची फौज इथून एकेक करूनच येऊ शकेल, हा बांधणाऱ्याचा हिशेब होता. रविवारी सकाळी तोच हिशेब आपल्या वाट्याला येतो. वरून उतरणारे आणि खालून चढणारे समोरासमोर येतात आणि पावट्यांवर रांग लागते. सुट्टीच्या दिवशी ही वाट धरायची तर उजाडताच निघावं, नाहीतर आडवारी यावं.

पाली दरवाजाची वाट राजमार्गाची. रुंद, पायऱ्यांची आणि चढण बेतशीर. लहान मुलं, वयस्कर माणसं किंवा पहिलाच ट्रेक असलेली मंडळी सोबत असतील तर हीच वाट निवडावी, वेळ थोडा जास्त लागला तरी. अळू दरवाजाची वाट भुतोंडे बाजूनं संजीवनी माचीवर येते. तोरण्याकडे जाणारी डोंगरधारेची प्रसिद्ध चालही याच बाजूनं सुरू होते. राजगड-तोरणा हा जोडट्रेक पूर्ण दिवसाचा, सावली कमी आणि पाणी त्याहून कमी. राजगड एकदा नीट पाहून झाल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. गुंजवणे दरवाजाची वाट अवघड आहे. वाटाड्या बरोबर नसेल तर ती सोडून द्यावी.

एका वाटेनं चढून दुसऱ्या वाटेनं उतरायचा मोह सगळ्यांनाच होतो. गाडी गुंजवण्यात आणि आपण दिवेलागणीला पाली दरवाजाखालच्या वाजेघर गावात, असं झालं तर उरलेला ट्रेक डांबरी रस्त्यावर करावा लागतो. आधी गाडीची सोय ठरवा, मग उतरायची वाट.

घड्याळाचा हिशेब

आखणीच्या वहीत सर्वांत वर एकच वेळ लिहावी, ती सूर्यास्ताची. डिसेंबरात पुण्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि डोंगराच्या पोटातल्या झाडीत त्याआधीच अंधारून येतं. साडेपाचला सगळे पायथ्याशी असले पाहिजेत, असं धरून उलटं मोजत यावं. गुंजवण्याकडे उतरायला दोन तास. तेव्हा पद्मावती माची साडेतीनला सोडायची. सकाळी सातला गावातून निघालं तर मध्यम चालीचा गट पावणेदहाच्या आसपास वर पोचतो. म्हणजे गडावर फिरायला हातात पावणेसहा तास राहिले.

आता गडाचं गणित. बालेकिल्ला चढून, चंद्रतळं आणि वाड्याचे अवशेष पाहून उतरायला दोन तास. सुवेळा माचीवरच्या नेढ्यापर्यंत, म्हणजे कातळातल्या आरपार भोकापर्यंत, जाऊन यायला दोन तास. संजीवनीच्या टोकाला जाऊन यायला अडीच ते तीन तास. त्यात जेवण आणि विश्रांतीचा एक तास. बेरीज पावणेसहाच्या बरीच पुढे जाते. तेव्हा एका दिवसाच्या ट्रेकमध्ये बालेकिल्ला आणि दोनपैकी एक माची, एवढंच शांतपणे होतं. तिन्ही एका दिवसात उरकणारे असतात, पण त्यांच्या पायांखालून गड जातो, डोळ्यांखालून जात नाही.

संजीवनीला वेळ का द्यावा ते सांगतो. या माचीच्या तटाला बाहेरून आणखी एक तट आहे, चिलखतासारखा. दोन तटांच्या मध्ये माणूस जेमतेम मावेल एवढी खोल चिंचोळी वाट आहे. आतल्या तटातल्या दिंडीतून उभ्या, अंधाऱ्या पायऱ्यांनी त्या फटीत उतरता येतं. बाहेरचा बुरूज तोफेनं पाडून शत्रू आत घुसलाच, तर तो या फटीत अडकणार आणि वरून मारा होणार. पायऱ्यांवर हात टेकत खाली उतरलं, दोन्ही खांद्यांना थंडगार दगड लागले, की ही योजना जशी समजते तशी कोणत्याही पुस्तकातून समजत नाही. असा अनुभव घाईत मिळत नाही. म्हणून गड दोनदा पाहायचा ठरवावा. एकदा सुवेळा, एकदा संजीवनी.

मुक्काम करून दोन दिवसांत सगळं पाहायचा विचार असेल, तर गडावर राहण्याचे त्या वेळचे नियम निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत. पायथ्याच्या गावात मुक्काम करून पहाटे चढणं हा बहुतेकांसाठी उत्तम मार्ग. चुलीवरची भाकरी आणि पिठलं मिळतं, गावातल्या घराला चार पैसे मिळतात, आणि वाटेची ताजी खबरही कळते.

पाणी: गडाचा जीव

आज्ञापत्रात गडासाठी जागा निवडताना पाणी पाहण्याला पहिला मान आहे. पाणी नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल, तर खडक फोडून टाकी, तळी बांधावीत, असं अमात्य सांगतात. एका झऱ्यावर भरवसा ठेवू नये, हेही त्यांनी बजावलं आहे. लढाईत तोफांच्या आवाजानं झरे आटतात आणि नेमकी तेव्हाच पाण्याची गरज वाढते, असं कारण ते देतात. म्हणून राखीव टाकी वेगळी असावीत आणि त्यांतलं पाणी रोज वापरू नये.

ट्रेकरसाठी यातून दोन नियम निघतात. पहिला, एका साठ्यावर विसंबू नये. हिवाळ्यात माणशी किमान तीन लिटर, उन्हाळ्यात चार लिटर पाणी पायथ्यापासूनच बरोबर घ्यावं. दुसरा, अर्धा लिटर राखीव ठेवावं आणि ते गावात पोचेपर्यंत उघडू नये. गडावरच्या टाक्यांत पाणी असतं, पण ते पिण्याजोगं कोणतं हे ऋतूप्रमाणे बदलतं. गावकऱ्यांना विचारून, गाळून, क्लोरीनचे थेंब टाकून मगच प्यावं. टाक्यात पाय बुडवणं, भांडी घासणं, पोहणं हे सर्वस्वी गैर. शेकडो वर्षांपूर्वी छिन्नी-हातोड्यानं कातळ कोरून साठवलेलं पाणी आहे ते, आणि आजही गडावर ताक-सरबत विकणारी माणसं आणि रानातली जनावरं त्यावर अवलंबून आहेत.

घाम वाहून गेला की पाण्याबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा मधूनमधून ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घ्यावं. बरोबरच्या माणसाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, आणि तो असंबद्ध बोलू लागला, तर उष्माघाताची शंका धरून त्याला लगेच सावलीत न्यावं, अंग ओलं करून वारा घालावा आणि मदत बोलवावी. अशा माणसाला थोडं अंतर राहिलंय म्हणून चालवत नेऊ नये.

ऋतू

जून ते सप्टेंबर सह्याद्री सर्वांत देखणा आणि सर्वांत धोक्याचा. कातळावर शेवाळ धरतं, धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, ओढे तासाभरात फुगतात. चोर दरवाजाखालचा कातळटप्पा आणि बालेकिल्ल्याची चढण ओली असताना नवख्यांची परीक्षा घेते. पावसात जायचंच असेल तर पाली दरवाजानं पद्मावती माचीपर्यंत जावं, बालेकिल्ला सोडावा, आणि निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा व प्रशासनाची बंदी आहे का ते पाहावं.

पाऊस ओसरल्यावर माचीवर सोनकी आणि तेरडा फुलतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा राजगडाचा खरा हंगाम. हवा स्वच्छ असली तर बालेकिल्ल्यावरून तोरणा, सिंहगड, पुरंदर असे गड ओळीनं दिसतात, आणि हीच जागा राजधानीसाठी का निवडली याचं उत्तर नजरेनंच मिळतं. मार्चनंतर सोंडेवरची वाट उघडी पडते. तेव्हा दहाच्या आत माचीवर पोचावं आणि दुपारची उन्हं देवळात किंवा झाडाखाली काढावीत.

माणसं आणि सामान

गटाची चाल सर्वांत संथ माणसाच्या चालीनं ठरते, म्हणून वेळापत्रकही त्याच्याच चालीवर बसवावं. वाट माहीत असलेला पुढे, अनुभवी माणूस सर्वांत मागे, आणि मधल्यांनी या दोघांच्या दरम्यानच राहायचं. प्रत्येक फाट्यावर थांबून डोकी मोजायची. गटात कोणाला दमा, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास आहे का, हे निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे तर आठवडाभर आधी विचारावं. सगळ्यांची नावं, वाट आणि परतायची वेळ घरी एकाजवळ आणि पायथ्याच्या गावात एकाजवळ देऊन ठेवावी.

सामान थोडं पण नेमकं हवं. तळव्याला चांगली पकड असलेले, आधी वापरलेले बूट. नवे बूट पायाला फोड आणतात. डोक्याला लावायची टॉर्च, दिवसाचा ट्रेक असला तरी. शिट्टी, टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे, प्रथमोपचाराची पिशवी. नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून घ्यावा, कारण डोंगरात रेंज जाते-येते.

दोन जिवांपासून सावध राहायचं. सह्याद्रीच्या कड्यांना आग्यामाश्यांची मोहोळं असतात. जवळपास धूर, फटाके, आरडाओरडा करू नये, अत्तर लावून येऊ नये. माश्या उठल्याच तर हात झाडू नयेत. तोंड झाकून शक्य तितक्या लवकर लांब जावं, पण कड्याच्या दिशेनं धावू नये. दुसरे साप. घोणस आणि फुरसं दगडांच्या कपारीत, गवतात असतात, म्हणून न बघता कपारीत हात घालू नये आणि अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नये. दंश झाला तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीच करायचं नाही. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून खाली आणावं, १०८ वर रुग्णवाहिका मागवावी आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावं.

माघारीची वेळ

चोर दरवाजे ज्यांनी बांधले त्यांनी गड सोडून जाण्याची वेळ येऊ शकते हे आधीच धरलं होतं. १७०४ च्या सुरुवातीला औरंगजेबाच्या वेढ्यात राजगड पडला, त्याला नबीशहागड हे नाव मिळालं, आणि काही वर्षांतच तो पुन्हा मराठ्यांकडे आला. गड गेला की परत घेता येतो, माणूस गेला की येत नाही, हा धडा त्यातून घ्यावा.

तुमच्या वहीतही माघारीची वेळ लिहिलेली असावी. सव्वाअकरापर्यंत पद्मावती माची गाठली नाही तर बालेकिल्ला रद्द. ढग उतरून समोरची सोंड दिसेनाशी झाली तर माची रद्द. पाणी निम्म्यावर आलं आणि अजून चढच चालू असेल तर परत. हे नियम घरी, ताज्या डोक्यानं ठरवायचे आणि सगळ्यांना वाचून दाखवायचे. वर दमलेल्या अवस्थेत, शिखर समोर दिसत असताना घेतलेला निर्णय बहुधा चुकीचाच असतो. परत फिरण्याचा निर्णय लीडरनं एकदा सांगितला की त्यावर चर्चा नाही.

गडाशी वागणूक

राजगड हे राज्य संरक्षित स्मारक आहे. राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय त्याची देखभाल करतं. तटावर चढू नये. दगड काढून चूल मांडणं, भिंतींवर नावं कोरणं हा तर कायद्यानं गुन्हा आहे. आज्ञापत्रात गडावरच्या वाटांवर, बाजारात, तटाजवळ केरकचरा पडू देऊ नये, तो जाळून राख परसात टाकावी आणि तिच्यावर भाजीपाला करावा, असं सांगितलं आहे. आपला कचरा प्लॅस्टिकचा, तो जाळूनही भागत नाही. म्हणून सॅकमध्ये एक रिकामी पिशवी ठेवावी आणि वर नेलेलं वेष्टन, बाटली, साल सगळं खाली आणावं. शौचासाठी टाकी, तळी आणि देवळांपासून लांब जावं.

राजगडाच्या निमित्तानं मांडलेले चार प्रश्न दुसऱ्या कोणत्याही गडाला विचारता येतात, फक्त उत्तरांचा भार बदलतो. बागलाणातला साल्हेर १,५६७ मीटर उंच, तिथे वेळेचं आणि वाऱ्याचं गणित मोठं. अलंग-मदन-कुलंगच्या जोडट्रेकला दोर आणि जाणकार माणसाशिवाय वाटच नाही. जंजिऱ्यासारख्या जलदुर्गाला तर भरती-ओहोटी आणि होडीची वेळच सगळं ठरवते. गड निवडा, एक कोरं पान घ्या, त्यावर पाणी, वाट, वेळ आणि माघार असे चार रकाने आखा. चारही भरले तर निघा. एक जरी रिकामा राहिला, तर त्या आठवड्यात दुसरा, सोपा गड पाहा; रकाना भरेपर्यंत पहिला गड कुठे जात नाही.